जनुकपेढीतली विविधता मोजायची आहे: मार्कर ठरवण्याआधीचे आणि नंतरचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जनुकपेढीत ज्वारीचे सुमारे ६०० नमुने आहेत. त्यांतले बहुतेक शेतकऱ्यांकडून गोळा केलेले स्थानिक वाण, बाकीचे सुधारित वाण आणि पैदासकारांकडून आलेल्या ओळी, म्हणजे पैदाशीसाठी शुद्ध केलेले प्रकार. या संग्रहाची आनुवंशिक विविधता रेणवीय मार्करांनी, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागांवरच्या फरकांवरून, मोजायची आहे. एसएसआर (डीएनएत ओळीनं पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरावेत की एसएनपी (डीएनएच्या एकाच अक्षरातले फरक), मार्कर किती घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्याची किती रोपं तपासावीत?

मी उलट्या क्रमानं उत्तर देतो. मार्कर कोणता, हा तिन्हींतला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. रोपं किती, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं. त्याच्याही आधीचा एक प्रश्न मात्र विचारलेला नाही: हे आकडे हातात आल्यावर जनुकपेढी कोणता निर्णय घेणार आहे?

नुसती "विविधता मोजायची" एवढ्यानं भागत नाही. एकच बी दोन क्रमांकांनी ठेवलं गेलंय का, हे शोधायचं असेल तर एक पद्धत लागते. पैदासकारांना देण्यासाठी सगळ्या संग्रहाचं प्रतिनिधित्व करणारा छोटा गाभा संच निवडायचा असेल तर दुसरी. बी पुन्हा पुन्हा वाढवताना मूळ वाणातलं काही हरवत चाललंय का, हे पाहायचं असेल तर तिसरी. आणि कुठल्या भागातले वाण आपल्याकडे अजिबात नाहीत, हे कळायला हवं असेल तर मार्करांच्या जोडीला चांगली पासपोर्ट माहितीही लागते, म्हणजे नमुना कुठून, कधी, कोणी, कोणत्या नावानं गोळा केला याची नोंद. या कामांना लागणारी रोपांची संख्या, मार्करांची संख्या आणि माहिती गाळण्याचे निकष वेगवेगळे आहेत. एकाच तक्त्यावर चारही उत्तरं काढायला गेलं की प्रत्येक उत्तर थोडं थोडं चुकतं.

हे काम करायलाच हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार जगभरच्या १,७५० हून अधिक जनुकपेढ्यांत मिळून सुमारे ७४ लाख नमुने होते, आणि त्यांतले खऱ्या अर्थानं वेगळे २५ ते ३० टक्केच असावेत असा अंदाज होता. उरलेली एकमेकांची प्रत. काही प्रती मुद्दाम, सुरक्षेसाठी ठेवलेल्या. बऱ्याच नकळत झालेल्या. शीतगृहातली जागा, उगवणीच्या चाचण्या, बी वाढवायला लागणारी शेतं आणि माणसं हे सगळं मर्यादित असतं. एका नकळत झालेल्या प्रतीवर खर्च होणारी मेहनत दुसऱ्या एखाद्या उगवण घसरत चाललेल्या दुर्मीळ वाणाच्या वाट्याची असते.

आता रोपांबद्दल. शेतकऱ्याकडून आलेला स्थानिक वाण म्हणजे एक जनुकसंच नसतो, ती लोकसंख्या असते. पाकिटातल्या दोन दाण्यांत फरक असणं हा त्या वाणाचा स्वभावच आहे. ज्वारी प्रामुख्यानं स्वपरागित (स्वतःच्याच परागावर बी धरणारी), पण पूर्णपणे नाही. साधारण ५ ते १५ टक्के परपरागण गृहीत धरतात. दाट, घट्ट कणसाच्या वाणांत ते कमी असतं, मोकळ्या कणसाच्या वाणांत बरंच जास्त. म्हणजे पाकिटातून एक दाणा पेरला, एका रोपाचं पान घेतलं आणि त्याचा डीएनए तपासला, तर कळतं ते त्या एका रोपाबद्दल. तक्त्यात मात्र त्या ओळीपुढे अख्ख्या नमुन्याचा क्रमांक लिहिला जातो, आणि पुढचे सगळे निष्कर्ष नमुन्याच्या नावानं निघतात.

थोडं गणित करून पाहू. समजा एखादा ॲलील, म्हणजे जनुकाचं एक रूप, त्या वाणात ५ टक्के प्रमाणात आहे. पूर्ण स्वपरागित पिकात प्रत्येक रोपाकडून प्रत्यक्षात एकच स्वतंत्र प्रत मिळते, कारण रोपातल्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात. आठ रोपं घेतली तर हा ॲलील अजिबात न सापडण्याची शक्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे ६६ टक्के. तो ९५ टक्के खात्रीनं सापडायला हवा असेल तर ५९ स्वतंत्र प्रती लागतात: स्वपरागित पिकात ५९ रोपं, पूर्ण परपरागित पिकात ३०. ज्वारी या दोहोंच्या मधे, पण स्वपरागिताच्या बाजूला. १० टक्के प्रमाणात असलेल्या ॲलीलसाठी २९ प्रती पुरतात.

६०० नमुन्यांची प्रत्येकी ५९ रोपं कोणी तपासणार नाही आणि तपासायची गरजही नाही. स्वपरागित पिकात बहुतेक विविधता नमुन्यानमुन्यांमधे असते, नमुन्याच्या आत कमी. मका किंवा बाजरीत उलट: आतच जास्त. म्हणून ज्वारीसाठी मी दोन टप्प्यांत काम करायला सांगेन. पहिल्या टप्प्यात सगळ्या ६०० नमुन्यांचं प्रत्येकी एक रोप, एसएनपीवर. यातून संग्रहाचा नकाशा मिळतो. दुसऱ्या टप्प्यात ४०-५० निवडक स्थानिक वाण घ्यावेत, वेगवेगळ्या भागांतले आणि वेगवेगळ्या कणसाचे, आणि त्यांची प्रत्येकी किमान ३० रोपं स्वतंत्रपणे तपासावीत. यातून नमुन्याच्या आत किती विविधता आहे ते कळतं आणि पहिल्या टप्प्यातल्या नकाशावर कुठे किती विश्वास ठेवायचा तेही कळतं.

खर्च वाचवण्यासाठी अनेक रोपांची पानं एकत्र करून एकच डीएनए काढण्याची पद्धतही वापरतात. प्रत्येक रोपाचा तुकडा सारख्या मापाचा घेतला तर त्यातून ॲलीलचं प्रमाण बऱ्यापैकी मिळतं. पण एक गोष्ट त्यातून कधीच कळत नाही: पाकिटात दोन शुद्ध ओळी नुसत्या मिसळल्या आहेत की रोपं खरोखर एकमेकांत संकरित झाली आहेत. बी वाढवताना किती रोपं ठेवायची आणि कणसं झाकायची की नाही, हे ठरवायला नेमकं हेच हवं असतं.

ज्या रोपाचं पान घेतलं त्या रोपाचं बी जपून ठेवा, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. पोंग्यातल्या कोवळ्या पानाचा तुकडा घेतला की त्याच रोपाला खूणचिठ्ठी बांधायची, कणीस बाहेर पडताच फुलोऱ्याआधी त्यावर कागदी पिशवी चढवायची आणि पिकल्यावर ते बी स्वतंत्र उपक्रमांक देऊन ठेवायचं. हे केलं नाही तर डीएनएची माहिती ज्या रोपाची, ते रोप आता जगात नाही, आणि पाकिटातून पुढे जो दाणा निघेल तो दुसराच असेल. पाच वर्षांनी एखाद्या पैदासकाराला त्या माहितीवरून रोगप्रतिकारक ॲलील सापडला आणि त्यानं बी मागितलं, तर आपण नक्की काय पाठवणार? उगवण चाचणीतली रोपं आयती मिळतात म्हणून त्यांचाच डीएनए काढायचा मोह होतो. काम झटपट होतं खरं, पण ती रोपं वाढवली जात नाहीत, म्हणून दुवा तिथेच तुटतो.

मग मार्कर. १९८० मध्ये आरएफएलपीची, म्हणजे डीएनए कापून तुकड्यांची लांबी ताडून पाहण्याची, कल्पना मांडली गेली. ते भरवशाचं होतं, पण डीएनए भरपूर लागायचा आणि काम संथ. १९९० मध्ये दहा अक्षरांच्या प्रायमरवर (डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्यावर) चालणारं आरएपीडी आलं. स्वस्त, पिकाबद्दल आधी काही माहिती नसली तरी चालणारं, आणि म्हणूनच लोकप्रिय. पण तापमानात किंवा रसायनाच्या प्रमाणात जरा फरक पडला की जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) दिसणारे पट्टे बदलतात, आणि एका प्रयोगशाळेचं जेल दुसरीशी जुळत नाही. आज नवीन कामासाठी आरएपीडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९५ चं एएफएलपी त्यापेक्षा पक्कं. पण आरएपीडीप्रमाणेच त्यातही पट्टा आहे किंवा नाही एवढंच दिसतं, विषमयुग्मी (जनुकाच्या दोन्ही प्रती वेगळ्या असलेलं) रोप समयुग्मीपासून (दोन्ही प्रती सारख्या असलेल्यापासून) वेगळं ओळखता येत नाही. ज्वारीसारख्या पिकात हीच माहिती मोलाची असते.

एसएसआर म्हणजे दोन ते सहा अक्षरांचा छोटा तुकडा ओळीनं अनेकदा येतो ती जागा. तो किती वेळा येतो यावर लांबी बदलते, त्यामुळे एकाच जागेवर दहा-पंधरा ॲलीलही सापडू शकतात. दोन्ही प्रती दिसतात. २५-३० चांगल्या एसएसआरवर उत्तम काम होऊ शकतं, आणि एखाद्याच वाणाची खूप रोपं तपासायची असतील तर ते आजही सोयीचे आहेत. त्यांची अडचण वेगळीच आहे. लांबी मोजणारं यंत्र १८२.४, १८३.१ असे आकडे देतं आणि त्यांना १८२ म्हणायचं की १८३ हे माणूस ठरवतो. मुख्य शिखराशेजारी लहान शिखरं दिसतात. प्रायमर बसण्याच्या जागीच बदल झालेला असेल तर ॲलील दिसतच नाही आणि विषमयुग्मी रोप समयुग्मी वाटतं. दोन जनुकपेढ्यांचे एसएसआर तक्ते थेट जोडता येत नाहीत, दोघांनी एकाच संदर्भ रोपांचा डीएनए चालवलेला असेल तरच जुळवता येतात.

म्हणून ६०० नमुन्यांसाठी एसएनपीच. त्यात उत्तर अक्षराच्या रूपात येतं. ए म्हणजे ए, मग प्रयोगशाळा कोणतीही असो. पुढच्या दहा वर्षांत इतर पेढ्यांच्या माहितीशी तुलना करायची असेल तर हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. एसएनपी मिळवायच्याही दोन वाटा आहेत. आधीच ठरवलेल्या एसएनपींची चिप वापरायची, किंवा जीनोमचे, म्हणजे रोपाच्या एकूण डीएनएचे, निवडक तुकडे थेट वाचायचे, ज्याला जीबीएस म्हणतात. जीबीएस २०११ पासून वापरात आहे. जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या जनुकपेढीनं २२,००० हून अधिक बार्ली नमुने त्याच पद्धतीनं वाचून २०१९ मध्ये माहिती प्रसिद्ध केली, आणि मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन केंद्रानं गव्हाचे जवळपास ८०,००० नमुने अशाच प्रकारच्या तंत्रानं तपासले.

स्थानिक वाणांसाठी मी चिप टाळतो. चिपवरचे एसएनपी कुठून आले ते पाहा: बहुधा मूठभर सुधारित ओळींची तुलना करून. त्या ओळींमधे जिथे फरक होता त्याच जागा चिपवर बसतात. साहजिकच सुधारित वाणांत भरपूर विविधता दिसते, आणि ज्या दूरच्या वाणांत फरक वेगळ्या जागांवर आहेत ते एकसुरी वाटतात. जनुकपेढीच्या दृष्टीनं याहून घातक दिशाभूल दुसरी नाही, कारण सगळ्यात वेगळे वाण त्यात सगळ्यात कमी विविध ठरतात.

जीबीएस या दोषातून बरंच सुटतं, पूर्ण नाही. वाचलेले तुकडे शेवटी एका संदर्भ जीनोमवर, म्हणजे त्या पिकाच्या आधीच पूर्ण वाचलेल्या डीएनएवर, बसवले जातात. ज्वारीचा संदर्भ जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा, आणि तो बीटीएक्स६२३ या अमेरिकन पैदास ओळीचा आहे. तिच्यात जो डीएनए मुळातच नाही, तो तुमच्या वाणात असला तरी तुकडे कुठेच बसत नाहीत आणि गुपचूप गाळले जातात.

हे नुसतं सैद्धांतिक नाही, भातात याचे दोन ठळक दाखले आहेत. ओडिशातल्या एफआर१३ए या भातात पुराखाली दोन आठवडे तग धरण्याची ताकद देणारं सब१ए जनुक आहे. ते नवव्या गुणसूत्रावर असतं आणि २००६ मध्ये ओळखलं गेलं. त्याच्यावरूनच स्वर्णा-सब१ सारखे वाण तयार झाले. भाताचा संदर्भ जीनोम निप्पोनबारे या जपानी वाणाचा आहे आणि निप्पोनबारेत सब१ए नाहीच. कमी स्फुरदाच्या जमिनीत मुळं वाढवणारं पीस्टॉल१ हे जनुक कासालाथ या पारंपरिक भातातून मिळालं, २०१२ मध्ये, आणि तेही निप्पोनबारेत नाही. फक्त त्या संदर्भावर बसलेले एसएनपी पाहिले असते तर यांतलं एकही जनुक थेट दिसलं नसतं. म्हणून न बसलेले तुकडे फेकून देऊ नका. आज त्यांचं काही करता आलं नाही तरी साठवून ठेवा, दुसऱ्या जीनोमवर ते पुन्हा बसवता येतील.

याच दाखल्यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मी प्रत्येक अहवालात ठळकपणे लिहायला सांगतो. मार्करांनी मोजलेलं अंतर म्हणजे सगळ्या जीनोमभरची सरासरी. ती वाणांचं नातं आणि इतिहास सांगते, उपयुक्तता सांगत नाही. एफआर१३ए त्याच्या शेजारच्या भातांपासून एकूण जीनोमच्या हिशोबात फार वेगळा नसेलही. त्याची किंमत एका जागेत आहे. "हे दोन नमुने ९७ टक्के सारखे, एक ठेवला तरी चालेल" असं म्हणताना उरलेल्या ३ टक्क्यांत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल थोडक्यात. ९६ खोबणींच्या प्रत्येक प्लेटमध्ये किमान दोन खोबणींत तोच संदर्भ डीएनए ठेवा, म्हणजे प्लेटाप्लेटांतला फरक कळेल. एक खोबण रिकामी ठेवा, आणि ती प्रत्येक प्लेटमध्ये वेगळ्या जागी. कारण साधं आहे: घाईत प्लेट उलटी फिरवून यंत्रात ठेवली की पहिल्या खोबणीतला नमुना शेवटच्या जागी जातो आणि सगळ्या ९६ नमुन्यांची नावं बदलतात. रिकामी खोबण ठरलेल्या जागी न दिसता भलतीकडे दिसली की हा घोळ त्याच दिवशी उघड होतो. एकूण नमुन्यांपैकी निदान ५ टक्के रोपांचा डीएनए दोनदा काढा, पानापासून स्वतंत्रपणे. नुसता तोच डीएनए दोनदा चालवला तर लेबलाची चूक पकडली जात नाही.

माहिती हाती आल्यावर पहिल्यांदा विविधतेचे निर्देशांक काढू नका. आधी प्रत्येक रोपाचं विषमयुग्मी प्रमाण पाहा. ज्वारीच्या एखाद्या ओळीत ३० टक्के जागा विषमयुग्मी दिसल्या तर ते रोप अलीकडेच संकरित झालंय, दोन रोपांची पानं मिसळली आहेत, किंवा डीएनएत दुसऱ्याचा अंश आलाय, यांपैकी काहीतरी आहे. मग न मिळालेल्या जागांचं प्रमाण पाहा. जीबीएसमध्ये रिकाम्या जागा बऱ्याच असतात, आणि ज्या प्लेटमध्ये त्या जास्त त्या प्लेटचे नमुने आलेखावर आपोआप एकत्र गोळा होतात. दोन सुंदर वेगळे गट दिसले की त्यांना प्रदेशांची नावं देण्याआधी ते प्लेटांप्रमाणे रंगवून पाहा.

गाळणीबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. ५ टक्क्यांहून कमी प्रमाणात असलेले ॲलील काढून टाकणं ही बहुतेक विश्लेषणांतली सवयीची पायरी आहे. गुणांशी संबंध जोडायच्या कामात तिला अर्थ आहे. पण ६०० नमुन्यांत ५ टक्के म्हणजे ३०. एखादा ॲलील एकाच खोऱ्यातल्या २५ वाणांत पक्का बसलेला असेल आणि बाकी कुठेच नसेल, तर तो या एका पायरीत नाहीसा होतो. जनुकपेढ्या उभ्या केल्या त्या अशाच ॲलीलसाठी! तेव्हा दोन तक्ते ठेवा. नात्यांच्या आलेखासाठी गाळलेला, आणि ॲलील मोजण्यासाठी सैल गाळणीचा. सैल तक्त्यात एकाच रोपात दिसणाऱ्या ॲलीलकडे मात्र संशयानं पाहा, कारण वाचनातल्या चुकाही नेमक्या तिथेच जमा होतात. दुहेरी काढलेल्या डीएनएत तो दोन्ही वेळा दिसला तर धरा.

निर्देशांकांत सगळ्यात जास्त वापरली जाते ती अपेक्षित विषमयुग्मता: संग्रहातून यदृच्छेनं दोन प्रती उचलल्या तर त्या वेगळ्या असण्याची शक्यता. प्रत्येक ॲलीलच्या प्रमाणाचा वर्ग करून बेरीज करायची आणि एकातून वजा करायची. एसएनपीवर दोनच ॲलील असतात, म्हणून हा आकडा ०.५ च्या वर जाऊच शकत नाही, आणि त्याच्या जोडीचा पीआयसी (मार्कर किती माहिती देतो ते सांगणारा आकडा) ०.३७५ च्या वर जात नाही. एसएसआरवर ०.७ किंवा ०.८ सहज येतो. "पूर्वीच्या अभ्यासात विविधता ०.७२ होती, आता ०.३१ आली, म्हणजे विविधता घटली" असा निष्कर्ष लिहिलेला मी वाचलाय. तो साफ चुकीचा आहे, कारण मोजपट्टीच बदलली आहे. शिवाय हा निर्देशांक दुर्मीळ ॲलीलकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. १ टक्का प्रमाणातला ॲलील संपला तरी आकडा जेमतेम हलतो. म्हणून नमुन्यांची संख्या सारखी धरून काढलेली ॲलीलांची संख्या आणि फक्त एकाच गटात सापडणारे ॲलील, हे दोन आकडे त्याच्या सोबत द्यायलाच हवेत.

गट पाडण्यासाठी स्ट्रक्चर किंवा ॲडमिक्स्चर हे सॉफ्टवेअर चालवाल. ज्वारीत बायकलर, गिनी, कॉडॅटम, काफिर आणि ड्युरा या पाच मूळ वंशांची कणसावरून केलेली विभागणी १९७२ पासून वापरात आहे, तेव्हा गट त्यांच्याशी आणि भूगोलाशी ताडून पाहा. गटांची "खरी" संख्या एकच असते असं मात्र समजू नका. एका भागातून ३०० आणि दुसऱ्यातून २० नमुने असतील तर सॉफ्टवेअर ३०० चेच तुकडे पाडत बसतं.

आता प्रती शोधणं. कागदावर हे फार सोपं दिसतं. समप्रमाणात विभागलेले आणि एकमेकांपासून स्वतंत्र असे ४० एसएनपी घेतले तर दोन असंबंधित शुद्ध ओळी योगायोगानं तंतोतंत जुळण्याची शक्यता साधारण एक लाख कोटीत एक. पण संग्रहातले नमुने असंबंधित नसतात, म्हणून शेकड्यांनी किंवा हजारांनी एसएनपी घ्यावेत. आणि "सारखे" म्हणजे किती सारखे, हे दुहेरी डीएनएवरून ठरवायचं. एकाच रोपाचे दोन डीएनए समजा ९९ टक्के जुळतात, तर ९९ च्या आसपास जुळणाऱ्या जोड्या संशयित प्रती. दुसऱ्या कुठल्या पिकाच्या अभ्यासातला ९५ किंवा ९८ हा आकडा उचलून आणू नये.

संशयित म्हटलं, कारण मार्कर एकटा निकाल देऊ शकत नाही. द्राक्षात पिनो न्वार, पिनो ग्री आणि पिनो ब्लां हे काळे, करडे आणि पांढरे वाण एसएसआरवर एकसारखे दिसतात. ते एकाच वेलाच्या फांद्यांत झालेल्या बदलांतून आले आहेत. त्यांना प्रत म्हणून काढलं तर दोन रंग गेले. ज्वारीत हाच धोका नरवंध्य (उपयोगी पराग न देणाऱ्या) ओळींच्या जोड्यांत आहे. ए ओळ आणि तिला सांभाळणारी बी ओळ यांचं केंद्रकातलं जनुकद्रव्य मुद्दाम सारखं केलेलं असतं, फरक केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यात असतो. केंद्रकातल्या एसएनपीवर त्या हमखास प्रती ठरतील. पैदासकारांच्या ओळी तुमच्या संग्रहात आहेत, तेव्हा अशा जोड्या आधीच वेगळ्या काढा आणि पेशीद्रव्यातल्या हरितलवक व तंतुकणिकांतले काही मार्कर जरूर घ्या. पेशीद्रव्याकडे दुर्लक्ष किती महाग पडतं ते १९७० मध्ये अमेरिकेत दिसलं. मक्याचे संकरित वाण नावानं अनेक होते, पण बहुसंख्यांत टी प्रकारचं एकच पेशीद्रव्य होतं, आणि त्यावर तुटून पडणाऱ्या करप्यानं देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला.

प्रत नक्की झाली तरी बी टाकून देऊ नका. दोन्ही क्रमांक जोडा, एकाला मुख्य ठरवा, दुसऱ्याचं बी वाढवणं थांबवा आणि उरलेलं दीर्घकालीन साठ्यात राहू द्या. स्थानिक वाणांच्या बाबतीत एकेका रोपावरून प्रत ठरवूच नये. त्यांच्या जोड्या दुसऱ्या टप्प्यात, ३० रोपांवर तपासाव्यात.

गाभा संचाची कल्पना १९८४ मध्ये मांडली गेली. साधारण १० टक्के नमुन्यांत संग्रहातले ७० टक्के तरी ॲलील यावेत, हा त्यातला नंतर रुळलेला निकष. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं हरभऱ्याच्या १६,९९१ नमुन्यांतून १,९५६ चा गाभा आणि त्यातून २११ चा लघुगाभा निवडला, आणि लहान संचामुळे पैदासकार प्रत्यक्ष शेतात तपासणी करू शकले. तुमच्या ६०० मधून ६० ते ८० चा संच पुरे. एक इशारा: जास्तीत जास्त ॲलील गोळा करायला सांगितलेला प्रोग्रॅम सगळ्यात आधी चुकीचे नमुने उचलतो. भेसळ झालेला डीएनए, लेबल बदललेलं रोप, निकृष्ट वाचन हे सगळे "वेगळे" दिसतात, म्हणून यादीत वर येतात. यादीतले पहिले दहा नमुने हातानं तपासा, त्यांचं बी पेरून कणीस पासपोर्ट नोंदीशी ताडा. आणि निवड फक्त मार्करांवर न करता आधी वंश व प्रदेश यांनुसार गट पाडून प्रत्येकातून करा.

शेवटचं काम, बी वाढवताना होणारी घट. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जनुकपेढीच्या हातात सगळ्यात जास्त हेच असतं. परपरागित वाण दर वेळी प्रभावी संख्येनं (म्हणजे पुढच्या पिढीला प्रत्यक्ष जनुकं देणाऱ्या रोपांच्या हिशोबानं) १० रोपांवरच वाढवला तर प्रत्येक फेरीत विषमयुग्मता ५ टक्क्यांनी घटते, पाच फेऱ्यांत सुमारे २३ टक्के जाते. ५० रोपांवर वाढवला तर पाच फेऱ्यांत ५ टक्केही जात नाही. ५ टक्के प्रमाणातला ॲलील १० रोपांच्या एकाच फेरीत कायमचा हरवण्याची शक्यता ३६ टक्के आहे. एका फेरीत काटकसर केली आणि पुढच्या फेरीत १०० रोपं लावली तरी गेलेलं परत येत नाही. ज्वारीत कणसं झाकली तर शेजारच्या ओळीची भेसळ टळते, पण मग प्रत्येक रोपाकडून सारखं बी घेणं गरजेचं ठरतं, नाहीतर चार भरदार कणसांचंच बी पाकिटात भरतं.

ही घट मोजायला आजचा पाया हवा. दुसऱ्या टप्प्यातल्या ४०-५० वाणांचे ॲलील प्रमाण, प्रत्येक रोपाच्या क्रमांकासह, कच्च्या वाचनांसकट आणि कोणत्या गाळण्या लावल्या त्याच्या नोंदीसकट ठेवा. यानंतर कुठलाही वाण वाढवायला काढाल तेव्हा जुन्या पाकिटातलं निदान ६० दाण्यांएवढं बी मागे राखून ठेवा, म्हणजे जुनी आणि नवी पिढी एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी तपासता येईल.